एकाच धाग्यावरून जा-ये



आपल्या अंकात कोणी जुन्या आठवणी लिहितात, कोणी प्रवासवर्णन, कोणी मलिद्याची कृती. मी आज काचेच्या एका धाग्याबद्दल लिहिणार आहे. सत्तरी ओलांडलेल्या नर्सला यातलं काय कळतं, असं तुम्ही म्हणाल. तीन आठवड्यांपूर्वी विचारलं असतंत तर मीही तेच म्हटलं असतं, असं मी २०२२ साली बहारीनहून परत आल्यावर बहिणीला म्हणाले होते. तेव्हाच लिहायचं होतं, ते राहून गेलं. आता लिहिते.

माझा भाचा ठाण्याचा. तो बरीच वर्षं बहारीनमध्ये नेटवर्कचं काम करत होता. नेटवर्क म्हणजे एका इमारतीतले कॉम्प्युटर दुसऱ्या इमारतीतल्या कॉम्प्युटरांशी जोडायचे. नोव्हेंबर २०२२ मध्ये मी त्याच्याकडे तीन आठवडे राहिले. तेल अवीवहून मनामाला थेट विमान २०२१ च्या सप्टेंबरात सुरू झालं होतं, त्याने गेले. सुमारे तीन तासांचा प्रवास. आमच्या लहानपणी मुंबईहून पनवेलमार्गे अलिबागला एस. टी.ने जायला याहून जास्त वेळ लागायचा!

बहारीन मला परकं वाटलं नाही. तिथले मोत्यांचे व्यापारी पूर्वी मुंबईला येत. १९६५ पर्यंत तिथे रुपयाच चालत होता, मग दिनार आला. मनामाच्या जुन्या बाजारात एक सिनेगॉग आहे, त्याचं २०२१ मध्ये नूतनीकरण झालं. तिथले ज्यू अगदी मोजके, बहुतेक मूळचे इराककडचे. मी दारातल्या मेझुझाला हात लावला आणि मनात म्हटलं, कुठे नवगावचा किनारा आणि कुठे हा.

असो. गोष्ट पुढेच आहे.

एका गुरुवारी संध्याकाळी आम्ही मुहर्रकहून परत येत होतो. भाच्याचा फोन वाजला. बोलता बोलता त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "मावशी, तुला घरी सोडायला गेलो तर उशीर होईल. सित्र्याला एका यार्डात जायचंय. येतेस का?" मी म्हटलं, चल, मला काय घरी दूध उतू जातंय?

सित्रा हा कारखान्यांचा भाग. यार्ड म्हणजे मोठं कुंपण, त्यात ऑफिस, गोदाम, वर्कशॉप आणि अगदी मागच्या टोकाला कामगारांच्या राहायच्या खोल्या. त्या खोल्यांजवळ पत्र्याच्या केबिनमध्ये एक छोटा दवाखाना. डॉक्टर तिथे रोज नसत. एक ब्रदर होता, केरळचा, तिशीतला. तो ड्रेसिंग करायचा, रक्तदाब बघायचा, आणि कोणाच्या छातीत दुखलं तर ई.सी.जी. काढून गावातल्या डॉक्टरांना नेटवर्कवरून पाठवायचा. डॉक्टर तो बघून फोनवर सांगायचे.

ऑफिसपासून दवाखाना सव्वा किलोमीटर. तांब्याची साधी नेटवर्कची वायर शंभर मीटरपर्यंतच नीट चालते. म्हणून तिथे जमिनीखालून फायबरची केबल घातलेली होती. केबलमध्ये चार काचेचे धागे. दोन गोदामाच्या कॅमेऱ्यांसाठी, दोन दवाखान्यासाठी. दवाखान्याच्या दोनपैकी एका धाग्यावरून निरोप जाणार, दुसऱ्यावरून येणार. त्या मंगळवारी पाण्याच्या पाइपसाठी कोणीतरी जे.सी.बी.ने खणलं आणि केबल दबली. चारपैकी नेमका दवाखान्याचा एक धागा आत तुटला. झालं! जाणारा रस्ता शाबूत, येणारा बंद. म्हणजे बोलणं खुंटलंच.

आणि मंगळवारीच दुपारी एक गवंडी दवाखान्यात आला. पन्नाशीचा, घामाने भिजलेला, डावा खांदा धरून. ब्रदरने ई.सी.जी. काढला, पाठवला, तो जाईना. पत्र्याच्या केबिनमध्ये मोबाइलचाही नीट सिग्नल नाही. त्याने त्याला ठरलेल्या आदेशाप्रमाणे ॲस्पिरिन चघळायला दिली, बाहेर धावत जाऊन ९९९ ला फोन केला, आणि ॲम्ब्युलन्समधून स्वतः बरोबर गेला. कागदावरचा ई.सी.जी. घडी करून खिशात. माणूस वाचला. गुरुवारी आम्ही गेलो तेव्हा तो इस्पितळात बसून जेवत होता म्हणे.

पण ब्रदरचा चेहरा पडलेला. त्याला वरच्याने लेखी विचारलं होतं की डॉक्टरांच्या उत्तराची वाट न बघता दवाखाना सोडून का गेलात? लाइन बंद होती हे कशावरून? तो मला सांगत होता आणि त्याचे हात थरथरत होते. घरी आईवडील, लहान मुलगी, कर्ज. नोकरी गेली तर काय?

मी काही बोलले नाही. मला माझं १९७४ साल आठवलं. दक्षिणेकडच्या एका नव्या वस्तीतल्या दवाखान्यात मी नवी नर्स होते. हिब्रू अजून अडखळत बोलायची. एक बाई दोन वर्षांचं मूल घेऊन आली, जुलाबाने सुकलेलं, डोळे खोल गेलेले. आमच्याकडे एकच फोन, डॉक्टर दुसऱ्या वस्तीत. फोन लागेना. मी पुन्हा पुन्हा चकती फिरवत राहिले. अर्धा तास गेला. पाणी चमच्याने पाजत होते, पण मूल घेत नव्हतं. मग आमची मोठी नर्स आली, मोरोक्कोची बाई. तिने एकदा मुलाकडे बघितलं, पावाची गाडी थांबवली आणि मूल घेऊन मोठ्या इस्पितळात गेली. मूल वाचलं. संध्याकाळी ती मला एवढंच म्हणाली, "फोन मेला होता, तू नव्हतीस मेली." ते वाक्य मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

म्हणून मी त्या ब्रदरला म्हटलं, "बाळा, तू केलंस ते मी तुझ्या वयात केलं नव्हतं." त्याला मराठी येत नव्हतं, मी मोडक्या इंग्रजीत बोलले. समजलं त्याला.

आता भाच्याचं काम. नवी केबल टाकायची किंवा जुनी खणून जोडायची तर परवानगी, खोदकाम, जोडणारे लोक, आठ-दहा दिवस सहज. तोवर दवाखाना आंधळा. पण एक धागा शाबूत होता. भाचा म्हणाला, "मावशी, एकाच धाग्यावरून जा-ये करता येते."

मी म्हटलं, "समोरासमोर दोन गाड्या एका रुळावर? आपटतील की!"

मुलांनो, त्याने मला जे सांगितलं ते तुम्हालाही सांगते. निरोप विजेच्या रूपात येतो. ट्रान्सीव्हर नावाची बोटभर लांबीची एक डबी त्या विजेचा उजेड करते, म्हणजे उघडझाप करणारा लेसर, आणि तो धाग्यात सोडते. पलीकडची डबी उजेड ओळखून पुन्हा वीज करते. पाठवणं आणि घेणं दोन्ही त्याच डबीत, म्हणून ट्रान्सीव्हर. साध्या डबीला दोन भोकं असतात, दोन धाग्यांची. एका धाग्याच्या डबीला एकच भोक असतं.

आपटत का नाहीत? कारण दोन्हीकडचा उजेड वेगळ्या रंगाचा असतो. एकीकडून १३१० नॅनोमीटरचा निघतो, दुसरीकडून १४९० चा. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आपल्या डोळ्यांना साधारण ४०० ते ७०० पर्यंतचेच रंग दिसतात, म्हणून हे दोन्ही आपल्याला दिसत नाहीत. उजेडाच्या लाटा एकमेकींना आपटत नाहीत, एकमेकींतून निघून जातात. खोलीत तुम्ही लाल बॅटरी लावली आणि मी निळी लावली तरी दोन्ही रंग आपापल्या भिंतीवर पोचतातच ना? तसंच. डबीच्या आत एक बारीक गाळणी असते. ती आपला रंग बाहेर जाऊ देते आणि समोरून आलेला रंग बाजूला वळवून बघणाऱ्या डोळ्याकडे नेते.

यातली मेख ही की डब्यांची जोडी लागते. इकडची १३१० पाठवणारी आणि १४९० घेणारी असेल तर तिकडची बरोबर उलटी हवी. आपल्याकडे लग्नात दोन्ही बाजू एकच गाणं म्हणायला लागल्या तर उत्तर कोण देणार?

त्या रात्री तेच झालं. भाच्याने ऑफिसमध्ये एक डबी बसवली, दवाखान्यात दुसरी. हिरवा दिवा लागेना. एक तास गेला. धागा तपासला, धागा बरा. शेवटी त्याने दोन्ही डब्या शेजारी धरल्या. दोन्हींची कडी निळी. त्या कंपनीच्या मालात निळी म्हणजे १३१० पाठवणारी, जांभळी म्हणजे १४९०. दोन्ही ठिकाणी निळीच! दोघीही एकाच रंगात बोलत होत्या, आणि दोघीही दुसऱ्या रंगाची वाट बघत होत्या. भाचा खाली बसला. म्हणाला, "स्टोअरमधून घेताना मीच बघितलं नाही. चूक माझीच." मला त्याचं कौतुक वाटलं. आमच्या धंद्यात चूक कबूल न करणारा माणूस सगळ्यात धोक्याचा.

जांभळी डबी रविवारी मिळणार होती. शुक्रवार-शनिवार तिथे सुट्टी. मग तोवर काय? मी ब्रदरला आणि भाच्याला म्हटलं, कागद घ्या. मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावलं: लाइन बंद असेल तर वाट बघायची नाही. छातीत दुखणं, श्वास लागणं, बेशुद्धी, यासाठी लगेच ९९९. मोबाइल कुठे लागतो ती जागा बाहेर पांढऱ्या रंगाने आखली. मी आणखी काय करणार?

दुसरं काम भाच्याने आपणहून केलं. नेटवर्कच्या पेटीला, तिला स्विच म्हणतात, स्वतःची रोजनिशी असते. कोणती लाइन कधी पडली, कधी उठली, वेळेसकट. त्याने मंगळवारचं पान काढलं. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी दवाखान्याची लाइन पडल्याची नोंद. ई.सी.जी.च्या कागदावर वेळ दोन सत्तावीस. दोन्ही कागद एकत्र लावून त्याने ब्रदरला दिले. "हे तुझ्या उत्तराला जोड," म्हणाला. पेटी कोणाची बाजू घेत नाही, त्यामुळे तिची साक्ष कोणाला नाकारता आली नाही. पुढच्या आठवड्यात ते प्रकरण मिटलं.

शुक्रवारी घरी शब्बाथ. भाचेसुनेने मनुका भिजवून किद्दुशचं सरबत केलं होतं, अगदी माझ्या आईसारखं. कितीतरी दिवसांनी त्या चवीने डोळे भरले.

रविवारी मीही गेले, आता मला उत्सुकता होती. जांभळी डबी बसली. दिवा लागला, विझला, लागला, विझला. मी म्हटलं, आता काय? भाच्याने एक छोटा सूक्ष्मदर्शक काढला, धाग्याचं टोक त्यात बघितलं आणि मला दाखवलं. मधोमध बोटाचा तेलकट डाग.

वाचकहो, या धाग्याची काच १२५ मायक्रॉन जाड, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. उजेड जातो तो मधला गाभा तर फक्त नऊ मायक्रॉनचा. आपला केसही याच्या कितीतरी पट जाड. तिथे धुळीचा एक कण म्हणजे दारात धोंडा. भाचा म्हणाला, बहुतेक बिघाड काच तुटून होत नाहीत, टोक मळल्याने होतात. म्हणून नियम असा: पुसा, बघा, मगच जोडा. आणि पुसल्यावर बोट लावायचं नाही.

मी हसायलाच लागले. चाळीस वर्षं मी शिकाऊ मुलींना हेच सांगत आले. स्पिरिटने पुसलेल्या जागेवर बोट लावू नका! त्याच्याकडेही अल्कोहोल होतं, बिनधाग्याचे रुमाल होते. आणि कापलेले काचेचे तुकडे टाकायला झाकणाची डबी होती, आमच्या सुयांच्या डबीसारखी. तो तुकडा कातडीत गेला तर दिसत नाही, निघत नाही. आणखी एक, मुलांनो: जोडलेल्या फायबरच्या टोकात कधीही डोळा लावून बघायचं नाही. उजेड दिसत नाही म्हणून तो नाही असं समजू नका.

टोक पुसलं, बघितलं, जोडलं. दिवा लागला आणि लागलेलाच राहिला.

"आता एक ई.सी.जी. पाठवून बघायला हवा," ब्रदर म्हणाला. पेशंट नव्हता. मी म्हटलं, मी आहे की. पडदा ओढून पट्ट्या माझ्या मीच लावल्या, हात अजून विसरलेला नाही. कागद गेला. पाच मिनिटांत डॉक्टरांचा फोन, जरा घाबरलेला: "तिथे सगळे पुरुष कामगार आहेत, ही सत्तरीची बाई कुठून आली?" सगळे हसलो. मग म्हणाले, वयाच्या मानाने छान आहे.

घरी येऊन मी भाच्याला खूप प्रश्न विचारले. काचेतून उजेड वाकतो कसा? तो म्हणाला, उजेड काचेच्या आतल्या आत परतत परतत पुढे जातो. १८५४ मध्ये जॉन टिंडल यांनी लंडनमध्ये पाण्याच्या धारेतून उजेड वाकवून दाखवला होता. मुलांनो, घरी करून बघा. प्लास्टिकच्या बाटलीला खाली भोक पाडा, पाणी भरा, अंधारात मागून बॅटरी धरा. धार वाकते तसा उजेडही वाकतो. आजीला विचारून करा, फरशी ओली होते.

मला यातली एक गोष्ट आधीच ठाऊक होती. इस्पितळात पोटात नळी घालून बघायचा गॅस्ट्रोस्कोप मी शेकडो वेळा धुतला आहे. जुन्या नळ्यांत काचेच्या धाग्यांची जुडी असायची. तो पहिला फायबरचा गॅस्ट्रोस्कोप डॉ. बेसिल हिर्शोविट्झ यांनी १९५७ मध्ये मिशिगनला केला आणि आधी स्वतःच्या घशात घालून बघितला. त्यांच्याआधी १९५४ मध्ये आपल्या पंजाबात जन्मलेले नरिंदर सिंग कपानी यांनी हॉपकिन्स यांच्याबरोबर अशा जुडीतून चित्र पाठवून दाखवलं होतं. काच पुरेशी शुद्ध केली तर तिच्यातून लांबवर निरोपही जातील, हे १९६६ मध्ये चार्ल्स काव यांनी सांगितलं. त्यांना २००९ मध्ये नोबेल मिळालं. पोट बघायची काच आणि ई.सी.जी. पाठवायची काच एकाच घरातली निघाली.

"मग सगळीकडे एकच धागा का नाही वापरत?" मी विचारलं. तो म्हणाला, घरोघरी जे फायबरचं इंटरनेट येतं ते बहुतेक असंच, एका धाग्यावर दोन रंग. बहारीनमध्ये २०१९ पासून देशभरच्या फायबरच्या जाळ्यासाठी बीनेट नावाची वेगळी कंपनी केली, तिच्याच जाळ्यावरून बाकीच्या कंपन्या सेवा देतात. पण समुद्राखाली दोन-दोन धाग्यांच्या जोड्याच असतात, कारण वाटेत उजेड वाढवणारी यंत्रं एकाच दिशेला काम करतात.

समुद्राखालचं म्हटल्यावर मला २००८ आठवलं. ३० जानेवारीला अलेक्झांड्रियाजवळ दोन केबल तुटल्या, दोन दिवसांनी दुबईजवळ फाल्कन नावाची तिसरी. हीच फाल्कन मुंबईला आखाताशी जोडते, बहारीनही तिच्यावर आहे. दुबईजवळच्या तुटीला जहाजाचा टाकून दिलेला नांगर कारण निघाला. भारत, इजिप्त, आखात, सगळीकडे इंटरनेट रखडलं. त्या आठवड्यात ठाण्याच्या बहिणीशी कॉम्प्युटरवरून बोलणं होईना. तिला बरं नव्हतं. मी साधा फोन लावत बसले होते. एका नांगराने आम्हा दोघींमध्ये भिंत घातली होती.

म्हणूनच भाच्याला मी शेवटी विचारलं, "हा उरलेला धागाही तुटला तर?" तो म्हणाला, "तर जाणं-येणं दोन्ही एकदम बंद. एका केबलमध्ये चार धागे असले तरी जे.सी.बी.ला चारही सारखेच." म्हणून त्याने दवाखान्यावर मोबाइलच्या सिमवर चालणारी एक पेटी बसवली, ॲंटेना छपराच्या वर. वाट दुसरीच. दोन्ही रंगांची एकेक जादा डबी कपाटात ठेवली आणि दोन्ही टोकांना चिठ्ठ्या लावल्या: कोणता रंग, कुठे जातो, कधी बसवला, कोणी बसवला. चिठ्ठ्यांची सूचना माझी. औषधाच्या बाटलीला आम्ही लावतो तशा. केबल पुढे खणून जोडली, पण दवाखाना एकाच धाग्यावर ठेवला आणि सुटलेला धागा जपून ठेवला, पुढच्या जे.सी.बी.साठी.

निघायच्या दिवशी ब्रदर विमानतळावर आला होता. त्याच्या आईने केलेली केळ्याची वेफर्स घेऊन. म्हणाला, तो गवंडी गावी गेला, बायकोने फोन केला होता. भिंतीवरचा तो कागद अजून आहे का, मी विचारलं. म्हणाला, प्लास्टिकमध्ये घालून लावलाय.

आपल्यापैकी पुष्कळजणांच्या घरी आता असा एक धागा भिंतीतून येतो, आणि त्याच्यावर आपण मुंबई, ठाणे, पुणे बघतो, नातवंडांचे चेहरे बघतो. चांगलं आहे. पण म्हाताऱ्यांनो, फोनजवळ एक कागद लावून ठेवा: लाइन बंद असेल तर कोणाच्या दारावर थाप मारायची. मुलांनो, आजी-आजोबांना तो कागद तुम्ही लिहून द्या, मोठ्या अक्षरांत. मी माझा लिहिलाय. पहिलं नाव समोरच्या दारातल्या मोरोक्कोच्या शेजारणीचं आहे.

सर्वांना आरोग्य लाभो. शालोम.